देवाने वेळेत निघावं

आकाशातून चकचकीत यान उतरतं, दार उघडतं, आतून प्रखर उजेड येतो आणि समोरची भाबडी माणसं हातातले भाले टाकून लोटांगण घालतात. हे दृश्य आपण इतक्यांदा पाहिलंय की ते कुठंतरी खरंच घडून गेलंय असं वाटायला लागतं. 'आपले देव म्हणजे परग्रहावरून आलेले अंतराळवीर' असं सांगणारे गृहस्थ तर दर लग्नात एक तरी भेटतात, आणि पंगतीत नेमके माझ्याच शेजारी बसतात. मला मात्र एकच शंका असते. लोटांगण देव समजून घातलं, हे ठरवलं कोणी? यानातून उतरणाऱ्यानेच ना?

यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण समुद्रावरचं आहे. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुक हा त्याच्या काळाचा अंतराळवीरच म्हणायचा. 1769 मध्ये तो पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर गेला तोच मुळी शुक्राचं अधिक्रमण, म्हणजे सूर्यबिंबावरून सरकणारा शुक्र, बघायला. पुढे 17 जानेवारी 1779 ला 'रेझोल्यूशन' आणि 'डिस्कव्हरी' ही दोन जहाजं घेऊन त्याने हवाई बेटाच्या केआलाकेकुआ खाडीत नांगर टाकला. ते दिवस मकाहिकीचे होते. लोनो या देवाचा हा मोसम: सुगी, खेळ, राजाच्या कराची वसुली, आणि लढाया बंद. लोनोचं चिन्ह म्हणजे उंच काठी, तिला आडवा दांडा आणि त्यावरून सोडलेलं झाडाच्या सालीचं पांढरं कापड. लांबून बघितलं तर शीडच. हा देव बेटाला उजवी प्रदक्षिणा घालतो, आणि कुकही कित्येक आठवडे तशीच प्रदक्षिणा घालून खाडीत शिरलेला. पुजाऱ्यांनी त्याला देवळात नेलं, लाल कापड गुंडाळलं, मंत्र म्हटले, डुक्कर अर्पण केलं आणि लोनोच्या नावाने हाक मारली. कुकने सगळं निमूट करून घेतलं.

झालं, युरोपात बातमी पोचली: आमच्या कप्तानाला ते देव समजले! ही बातमी इंग्रजांच्याच रोजनिशांमधून आली. हवाईची भाषा लिहिली जाऊ लागली ती 1820 मध्ये मिशनरी आल्यावर. तोवर दुसऱ्या बाजूची रोजनिशी नव्हतीच. 1992 मध्ये गणनाथ ओबेसेकेरे या श्रीलंकेच्या मानववंशशास्त्रज्ञाने हाच मुद्दा धरला. हवाईचे लोक इतके खुळे नव्हते, देव बनवण्याची हौस युरोपियनांची, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेच्या मार्शल सालिन्सनी उलट सुनावलं की लोक त्यांच्या धर्माच्या तर्कानेच चालले होते, त्यांना आपल्या मापाने शहाणं ठरवणारे तुम्ही कोण? दोघांचं भांडण वाचताना मला दोघंही अर्धे पटतात. कारण आषाढी वारीत अनोळखी माणसं एकमेकांच्या पाया पडतात. दिंडीत शिरलेल्या एखाद्या परदेशी पाहुण्याच्याही कोणी पाया पडेल, 'माउली' म्हणेल, आणि तो रात्री वहीत लिहील की इथले लोक मला तेराव्या शतकातले संत समजले. पाया पडणाऱ्या आजोबांना मात्र पक्कं ठाऊक असतं की हा माणूसच आहे आणि याच्या पायाला फोड आलेत.

कुकच्या लोकांच्याही पायाचे फोड लवकरच दिसले. एक वयस्कर खलाशी मेला, त्याला देवळाच्याच आवारात पुरलं. देवळाभोवतीचं लाकडी कुंपण इंग्रजांनी सरपणासाठी विकत मागितलं. आणि खाणं तर विचारूच नका. लेफ्टनंट जेम्स किंगने लिहून ठेवलंय की बेटावरचे लोक खलाशांच्या कुशी चाचपायचे, सुटलेल्या पोटांवर थापट्या मारायचे आणि सांगायचे, आता तुमची निघायची वेळ झाली; पुढच्या मोसमात या. पाहुण्याला 'उठा' म्हणायची इतकी प्रेमळ रीत आमच्याकडे नाही. आम्ही फार तर उद्याच्या गाड्यांची चौकशी करतो.

4 फेब्रुवारीला जहाजं निघाली. मोसम संपलेला, देव निघालेला, सगळं पंचांगाबरहुकूम. तेवढ्यात वादळात 'रेझोल्यूशन'ची पुढची डोलकाठी मोडकळीला आली आणि 11 तारखेला स्वारी परत त्याच खाडीत. या वेळी स्वागताला गर्दी नाही. लोनो एव्हाना निघून गेलेला असायला हवा. हा सुतारकामासाठी परतलेला कोण? चोऱ्या वाढल्या, 'डिस्कव्हरी'ची एक होडीच रात्रीत गायब झाली. 14 तारखेला कुक शिपाई घेऊन किनाऱ्यावर उतरला तो थेट राजा कलानिओपूला ओलीस धरायला. किनाऱ्यावर गर्दी जमली, दगड आणि गोळ्या सुरू झाल्या आणि कुक चार शिपायांसह मारला गेला. त्यानंतर त्याच्या अस्थींना मान मिळाला तो मोठ्या सरदाराचा. म्हणजे सगळं होऊनसुद्धा त्याचा हुद्दा त्यांनी नीट सांभाळला.

कुकच्या 'एंडेव्हर' या जुन्या जहाजाचं नाव पुढे नासाने एका स्पेस शटलला दिलं, स्पेलिंगसुद्धा ब्रिटिश ठेवून. पण खरोखरच अंतराळातून येऊन शेतात उतरला तो युरी गागारिन. 12 एप्रिल 1961, साराटोव्हजवळचं एक गाव. आन्ना तख्तारोवा नावाची बाई आपल्या लहानग्या नातीबरोबर बटाट्याच्या शेतात काम करत होती. आकाशातून पॅराशूटला लटकत नारिंगी पोशाखातला, पांढऱ्या शिरस्त्राणातला प्राणी खाली आला. मघाचं दृश्य तंतोतंत जमून आलेलं! पण लोटांगण नाही, काही नाही. दोघी घाबरून मागे सरकल्या. अमेरिकेचं हेरगिरी करणारं विमान रशियाने पाडून वर्षही झालं नव्हतं. तेव्हा पॅराशूटने उतरणाऱ्याकडे संशयानेच बघायचे दिवस होते. गागारिनलाच हात हलवत ओरडून सांगावं लागलं की मी आपलाच आहे, सोव्हिएत आहे.

मग ट्रॅक्टरवाले धावत आले. त्यांनी रेडिओवर बातमी ऐकली होती, त्यामुळे नाव आधीच ठाऊक. बातमीत त्याला मेजर म्हटलं होतं; वर जाताना तो सीनियर लेफ्टनंट होता. 108 मिनिटांच्या त्या सफरीत बढती मिळाली ती एवढीच.