तिथीची पाऊणपट

शनिवार, संकष्टी

फुटाळा तलावाच्या काठालाही आपण नागपूरकर चौपाटीच म्हणतो. तिथलं पाणी सकाळी जिथं, तिथंच संध्याकाळी. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात गेल्यावर समुद्राकडेही आपण त्याच नजरेनं पाहतो, आणि तिथं चुकतं.

समुद्राचं वेळापत्रक घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात असतं. तिथीची पाऊणपट करायची. आज चतुर्थी, म्हणजे भरती ३ च्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, ठिकाणागणिक अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतोच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती; अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे सर्वांत लहान. उधाणाचा खरा जोर एक-दोन दिवस उशिरा येतो. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे भाऊबीजेला पोचणाऱ्याच्या वाट्याला उधाणच.

खडप म्हणजे खडकाळ किनारा, शेवाळानं निसरडा, भरतीत बुडून दिसेनासा होणारा. पुळण म्हणजे वाळूचा. गणपतीपुळ्यातलं पुळे ते हेच. पण सगळ्या पुळणी सारख्या नसतात, हे पायांनाच कळतं. वाळू बारीक आणि घट्ट असली की उतार कमी असतो. लाट लांबवर फुटते आणि फेसाळत येते. सर्फिंग शिकायला हीच लाट हवी. वाळू भरड आणि पाय रुतणारी असली की उतार तीव्र. तिथं लाट काठाशीच आपटते आणि परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. गुडघाभर पाण्यातही माणूस पडतो.

लाटा ओळीनं फुटत असताना मध्येच एखादा गडद, शांत पट्टा दिसतो. नवख्याला पोहायला तीच जागा बरी वाटते. काठावर चढलेलं पाणी तिथूनच समुद्रात परतत असतं. ही ओढ खाली खेचत नाही, आत नेते. तिच्याशी झुंजत सरळ काठाकडे पोहू नये, त्यात फक्त दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर, जिथं लाटा फुटताहेत तिथं यावं. दम संपलाच तर तरंगत राहून हात वर करावा.

मालवणजवळच्या देवबागला एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र. ओहोटी लागली की नदीच्या मुखातून पाणी जोरात बाहेर निघतं, तेव्हा तिथं उतरूच नये. भाऊबीजेला ओहोटी लागते दुपारी दीडनंतर. जोर सर्वांत जास्त साडेचारच्या आसपास, नेमका पोरं चहा-नाश्ता आटोपून पाण्याकडे धावतात तेव्हा.