बुडाखालचं नाव

फुलदाणी हातात आली की मी आधी ती पालथी करते. रंग, आकार, नक्षी नंतर. ओहायोतल्या इस्टेट सेलमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरात परकी माणसं बिनदिक्कत कपाटं उघडत फिरतात तिथं, बाकीचे फुलदाणीचं तोंड बघतात, मी बूड. सवय घरचीच. आमच्या आईला शेजारून आलेली वाटी काठावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेल्या नावावरून ओळखायची खोड होती. आमच्या निम्म्या वाट्या दुसऱ्यांच्या निघायच्या.

सिनसिनाटीच्या ‘रूकवुड’ची बुडं तर वाचावीत अशीच. मारिया लाँगवर्थ निकल्स या बाईंनी १८८० साली हा मातीच्या भांड्यांचा कारखाना काढला. नाव वडिलांच्या इस्टेटीचं, आणि त्यातला ‘रूक’ म्हणजे कावळ्याचाच एक भाऊबंद. फुलदाण्या विकायला कावळ्याचं नाव! आपल्याकडे पितृपक्षाच्या धास्तीनेच कुणी दिलं नसतं. १८८६ मध्ये रूकवुडचा उलटा आर आणि पॉटरीचा सुलटा पी पाठीला पाठ लावून बुडावर आले. पुढच्या वर्षापासून दर साली त्यावर एक ज्योत वाढायची. ज्योती मोजा, साल सापडलं. १९०० ला चौदा झाल्या आणि तिथंच थांबल्या. मग खाली रोमन आकडा येऊ लागला. शेजारी चित्र काढणाऱ्याची आद्याक्षरं. १८८७ मध्ये कारखान्यात आलेले जपानचे काटारो शिरायामादानी मात्र आपली सही जपानी लिपीत करत. मधली काही वर्षं मायदेशी गेले ती सोडली, तर १९४८ मध्ये मरेपर्यंत ते इथंच रंगवत राहिले.

ओहायोतल्याच झेन्सव्हिलकडच्या ‘रोझव्हिल’ या दुसऱ्या कारखान्याचा माल सेलमध्ये जास्त दिसतो, पण त्याच्या नकलाही मुबलक. नाव हुबेहूब, खालचं ‘यू.एस.ए.’ बऱ्याचदा गायब. तिथंही बूडच चहाडी करतं.

माझी पहिली खरेदी बिननावाची होती. झिलईवर केसासारख्या भेगांचं जाळं होतं. आतली माती आणि वरची झिलई सारखी आकसत नाहीत, म्हणून ते पडतं. मला ते फार देखणं वाटलं. त्यात पाणी घालून ट्युलिप ठेवले. सकाळी टेबलावर पांढरं गोल वर्तुळ उठलं होतं. ते अजून आहे. त्यावर मी टेबलमॅट टाकते.

रूकवुडची माझ्याकडे एकच आहे, रुंद तोंडाची, मॅट निळी. चौदा ज्योती, खाली रोमन अठ्ठावीस, म्हणजे १९२८. सही नाही, कारण ती साच्यातली. शिवाय खुणेवरून चाकाने ओढलेली फुली. काहीतरी उणं दिसलं की कारखानाच अशी फुली मारून तो माल दुय्यम ठरवायचा. उणं काय, ते मला अजून सापडलेलं नाही. किंमत मात्र त्या फुलीमुळेच माझ्या आवाक्यात आली, तेव्हा तक्रार कसली.

गेल्या उन्हाळ्यात आई आली. माठ घेताना वाजवतात तशी तिने ती बोटाच्या पेराने वाजवली, कान लावला, “तडा नाही,” म्हणाली. मग पालथी केली.

“नाव कुणी खोडलं यावरचं?”

मी ज्योती, फुली, १९२८ सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“पाणी घालायचं नाही ना यात?”

“नको.”

तेव्हापासून ती ओट्याशेजारी आहे. आत लाटणं, दोन डाव आणि एक उलथनं.