स्टेपनीचा रंग

रत्नागिरी, 31 मे

चार दिवस खपून मी मारुतीची चारही चाके रंगवली. आज संध्याकाळी आई पायऱ्या उतरून अंगणात आली, ती थेट भिंतीला टेकवून ठेवलेल्या स्टेपनीपाशी गेली आणि तिच्या डिस्कवरून हात फिरवत म्हणाली, "हे ह्यांनी रंगवलेलं ना?" मी हो म्हटले. ती आत गेली. नव्या रंगाबद्दल तिने चकार शब्द काढला नाही, आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही.

वाईट वाटण्याजोगे त्यात काही नव्हते, हे मला कळते. तरीही वाटले. तारेच्या ब्रशने पोपडे काढताना बोटांची सालटी निघाली आणि 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 400 च्या वॉटर पेपरपर्यंत येता येता एकेका चाकामागे अर्धा दिवस गेला. बारा इंची डिस्क दिसायला लहान, पण तिच्या भोकांच्या कडांना बसलेल्या गंजापर्यंत बोटाशिवाय दुसरे काही पोचत नाही. एवढे करून तिची नजर गेली ती मी हातही न लावलेल्या चाकावर.

स्टेपनी रस्त्यावर धावत नाही म्हणून टिकली, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. ती पुरली नाही, कारण अण्णा पाचही चाके आळीपाळीने बदलत असत. त्या चाकानेही खारे वारे आणि पावसाचा चिखल सोसलेला आहे.

खरे कारण मला परवाच दिसले होते. 2019 साली ही चार चाके मीच रंगवली, तेव्हा ती गोड्या पाण्याने न धुताच घासायला घेतली होती. आमच्याकडच्या हवेतले मीठ लोखंडाच्या बारीक खड्ड्यांत बसते. ते रंगाखाली अडकले की ओल ओढत राहते, आणि गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्याने वरचा रंग फुगून उचलला जातो. परवा एक पोपडा ओढला, तर रेड ऑक्साइडचा थर अखंड निघून आला आणि त्याच्या पाठीला गंज चिकटलेला होता. तो बाहेरून लागलेला नव्हता. मीच तो आत ठेवून वर रंग चढवला होता.

अण्णा चाके धुऊन उन्हात वाळवत, टर्पेंटाइनने पुसत आणि उघडे लोखंड रात्रभर राहिले तर तांबूस पडते म्हणून सूर्यास्तापूर्वी पहिला हात देऊन मोकळे होत. डबा धरून मी शेजारी उभा असे, आणि मला खेळायला जायचे असे. असो.

या वेळी मी चाके धुतली. पण काल दुपारी आभाळ भरून आले, दमट हवेत चौथ्या चाकाच्या आतल्या अंगाचा रंग पांढरट पडला, आणि ती बाजू कोण पाहतो म्हणून मी तो तसाच सोडला. आईने तो पाहिलेला नाही. मी पाहिला आहे.

आत्ता टॉर्च घेऊन स्टेपनी उलटी करून आलो. आतले अंग बाहेरच्याइतकेच नितळ आहे. नट बसतात त्या जागी रंगाचा फक्त पातळ हात आहे, कारण तिथे थर जाड झाला तर तो पुढे दबतो आणि नट ढिले पडतात. मी मात्र तिथेही तीन हात दिले आहेत.

तेव्हा उद्या चारही चाकांच्या नटांच्या जागा खरवडायच्या, चौथ्याचे आतले अंग पुन्हा घासायचे, नट समोरासमोरचे घेत आवळायचे आणि पन्नासेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा तपासायचे. स्टेपनीला पेपर लावणार नाही. टर्पेंटाइन अर्धी बाटली उरले आहे. सकाळी ऊन पडले तर ते पुरेल.