एक पूर्णांक आठ

आईने टूथपेस्टचा खोका उचलला, कपाळावरचा चष्मा खाली ओढला, दोन मिनिटं निरखून बघितलं आणि खोका परत फळीवर ठेवून दिला.

"एक पूर्णांक आठ? आणि तेही एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंय? नको गं बाई."

श्टुटगार्टमधल्या आमच्या नेहमीच्या सुपरमार्केटात मी हसत उभी. आईला ठाण्याहून येऊन चार दिवस झाले होते. इथे जर्मनीत 'श्टिफ्टुंग वारेनटेस्ट' नावाची संस्था आहे. सरकारने 1964 साली ती काढली. हे लोक गिऱ्हाइकासारखे दुकानात जाऊन वस्तू विकत घेतात, प्रयोगशाळेत तपासतात आणि गुण देतात. त्यांच्या मासिकात एकही जाहिरात नसते. गुण जर्मन शाळेसारखे, म्हणजे 1 सगळ्यात वरचा, आणि आकडा जसा वाढेल तसा माल वाईट. तेव्हा 1.8 म्हणजे 'चांगला' असा शेरा, म्हणून तर कंपनीने तो मिरवला होता. पण मोबाइलवर पाचापैकी साडेचार तारे बघून कुकर मागवणाऱ्या बाईला 1.8 दाखवलं, तर ती काय समजणार? शाई तीच, आकडा तोच, आणि मजकूर नेमका उलटा पोचला.

मी आईला हसले खरी, पण माझं स्वतःचं पहिलं वर्ष आठवलं तर हसायचा मला काही अधिकार नाही. मी शाकाहारी. आपल्याकडे पाकीट उलटवलं की हिरवा ठिपका दिसतो, विषय संपतो. इथे आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात जेलीच्या गोळ्यांच्या पाकिटावर हिरवं गोल चिन्ह दिसलं. बाण वगैरे काहीतरी होते त्यात, पण हिरवं होतं आणि गोल होतं, बस्स. अर्धं पाकीट संपल्यावर ऑफिसातल्या एका मैत्रिणीने शांतपणे सांगितलं, यात डुकराचं जिलेटिन आहे. त्या चिन्हाला जर्मनीत नावच 'हिरवा ठिपका' आहे! त्याचा अर्थ एवढाच, की ह्या वेष्टनाचा कचरा गोळा करण्याच्या व्यवस्थेत कंपनीने पैसे भरलेत. त्यातही गंमत म्हणजे कित्येक जर्मन लोकांना ते वेष्टन पुनर्वापराच्या मालाचं आहे असं वाटतं, आणि तेही चूकच. म्हणजे एका ठिपक्याचे दोन गैरसमज, एक त्यांचा, एक माझा.

आपण पाकीट वाचत नाही, ओळखतो. रंग, जागा, आकार बघून डोळा निकाल देऊन मोकळा होतो. ठाण्यात तो निकाल बहुतेक वेळा बरोबर येतो, कारण तो तीस वर्षं तिथेच घडलेला असतो. (आपल्याकडेही हे नंतर लक्षात आलंच की. मांसाहाराचा तपकिरी ठिपका बदलून त्रिकोण केला, कारण ज्यांना लाल-हिरवा फरक दिसत नाही त्यांना दोन्ही ठिपके सारखेच.)

आईने मात्र आठवड्याभरात मला मागे टाकलं. आधी तिने विचारलं, "एमआरपी कुठे लिहिलीय?" नाहीच. इथे कमाल किंमत छापत नाहीत, दुकानदार ठरवेल ती. पाण्याची तीच बाटली स्टेशनवर दुप्पट-तिप्पट भावाने मिळते आणि कोणी भांडत नाही. आईला हे फार लागलं. पण मग तिला फळीवरच्या पट्टीतला बारीक आकडा सापडला. मोठ्या किमतीखाली किलोचा किंवा लिटरचा दर लिहिणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. त्या दिवसापासून ती मोठी किंमत वाचेचना. "हा मोठा डबा घेऊ नकोस, किलोमागे महाग पडतो," असं तिने मला सांगितलं तेव्हा तिला जर्मनचं 'डांके' सोडून अक्षर येत नव्हतं. जांभळी नाक्याच्या बाजारात घासाघीस करून तयार झालेलं डोकं, त्याला भाषा कशाला लागते!

तसा नगाचा किंवा वजनाचा दर 2022 पासून आपल्या पाकिटांवरही आलाय, हे मी तिला सांगितलं. तिचा विश्वास बसेना. घरी व्हिडिओ कॉलवर बाबांना बिस्किटाचा पुडा आणायला लावला. निघाला की छापलेला, एमआरपीच्या शेजारीच! आईने तो कधी पाहिलाच नव्हता, कारण पाच रुपयांचा पुडा म्हणजे पाच रुपये. त्यातली बिस्किटं वर्षागणिक कमी झाली तरी पाच हा आकडा जागेवर असतो, आणि आपण आकड्यालाच ओळखतो. इथे अशा पुड्यांना 'मोगेलपाकुंग' म्हणतात, म्हणजे फसवं पाकीट. हॅम्बुर्गची ग्राहक संस्था दरवर्षी लोकांकडून मतं मागवून सगळ्यात फसव्या पाकिटाची निवड करते.

त्याआधी, जर्मनीत येऊन तीन वर्षं झाल्यावर मी ठाण्याला गेले होते, तेव्हा उलटा प्रकार झाला. स्टेशनवरून कापूरबावडीकडे रिक्षात आम्ही दोघी. मी फलक वाचतेय, सगळे! दोन बीएचके, क्लासचे पहिले आलेले सगळे चेहरे, भावी नगरसेवकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, खाली पंधरा शुभेच्छुक, सोन्याच्या घडणावळीवर सूट. कापूरबावडीपर्यंत डोकं दुखायला लागलं. आईला विचारलं, "तुला त्रास नाही होत ह्याचा?" "कशाचा?" ती खरंच म्हणाली.

हर्बर्ट सायमन या अर्थतज्ज्ञाने 1971 सालीच म्हणून ठेवलंय की माहिती वाढली की ती लक्ष खाऊन टाकते. आईकडे त्यावर चाळण आहे. रोज त्याच रस्त्याने जाऊन विणलेली. माझी परदेशात झिजली, आणि जर्मन फलकांसाठी नवी अजून पुरती झालेली नाही. मला वाटायचं जाहिरातींना न भुलणं हा शहाणपणा आहे. आता वाटतं, अर्धा तर सरावच आहे.

घोडबंदर रोडच्या एका फलकावर क्यूआर कोड दिसला. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 1 ऑगस्ट 2023 पासून घरांच्या जाहिरातीत तो सक्तीचा केलाय, स्कॅन केला की प्रकल्पाची सगळी नोंद दिसते. व्यवस्था झकास आहे. फक्त खड्ड्यांतून उडणाऱ्या रिक्षात फोन स्थिर धरायचा कसा, हे कोणी सांगितलेलं नाही. फलकावरचं 'स्टेशनपासून 10 मिनिटं' मात्र न थांबता, न थरथरता वाचता येतं.

आईने श्टुटगार्टहून परत जाताना एक गोष्ट नेली. आमच्या पत्रपेटीवर 'कृपया जाहिराती नकोत' अशी चिठ्ठी आहे. ती असली की पत्रकं टाकणारे खरंच टाकत नाहीत. नौपाड्यात घरी पोचल्यावर तिने तशीच मराठीत लिहून पेटीला चिकटवली. परवा फोनवर विचारलं, उपयोग झाला का? म्हणाली, दुसऱ्याच दिवशी योगवर्गाचं पत्रक चिठ्ठीवरच चिकटवून गेला कोणीतरी.

"मग फाडलंस?"

"फाडू कशाला? मागची बाजू कोरी आहे. दुधाचा हिशोब लिहिलाय."