पल्सरचं हेड आणि रविवार

आजचा रविवार सगळा गॅलरीत गेला. समोर पल्सर १५० च्या इंजिनाचं हेड (व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भाग), हातात डाय ग्राइंडर, नाकाला रुमाल, डोळ्यांवर गॉगल. ॲल्युमिनियमचा चुरा कानातसुद्धा सापडतोय. आईने फर्मान काढलंय, अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

हेडमधल्या हवा आत-बाहेर नेणाऱ्या वाटा, म्हणजे पोर्ट, घासून नीट करणं म्हणजे पोर्टिंग. ते म्हणजे फक्त भोक मोठं करणं, असा बऱ्याच जणांचा समज. पण उगाच मोठं केलं की हवेचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला गाडी मरगळते. म्हणून फक्त ओतकामाच्या रेघा काढल्या, गॅस्केट (सांध्यात बसणारी पातळ चकती) ठेवून तोंडं जुळवली, व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या गाइडभोवतीचा उंचवटा जरा उतरवला. पोर्ट सीटकडे (व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेकडे) वळतो तिथल्या आतल्या वळणाला जवळपास हातच लावला नाही. हवा भिंत सोडते ती तिथेच. सीटवर टूल घसरू नये म्हणून जुने व्हॉल्व्ह बसवून ठेवले होते. ग्राइंडरला लावलेल्या कार्बाइड बरचे (कापणाऱ्या टोकाचे) दात ॲल्युमिनियमने बुजतात, मध्येमध्ये डिझेल लावत राहायचं.

इनटेक (हवा-पेट्रोल आत येतं तो पोर्ट) मुद्दाम ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबवला. कार्ब्युरेटरच्या गाडीत तिथे आरसा केला तर पेट्रोल भिंतीला धरून वाहतं. एक्झॉस्ट (धूर बाहेर जातो तो पोर्ट) मात्र चकाचक, कार्बन कमी धरतो. (आणि दिसतंही भारी, खोटं कशाला बोलू!)

संध्याकाळी ग्राइंडिंग पेस्टने व्हॉल्व्ह सीटवर घासून घट्ट बसवले, पोर्टमध्ये पेट्रोल ओतून पाहिलं. थेंबही गळला नाही. पॉवर किती वाढेल? कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कंपनीचाच, कार्ब्युरेटरही तोच, त्यामुळे फार अपेक्षा नाही.

इंजिन पुढच्या रविवारी बांधणार. कोणाकडे चांगला टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट आवळायचा पाना) असेल तर सांगा, शनिवारी घ्यायला येतो.