मोजक्याच गोळ्या असतील तर पिस्तुलाचा सराव कसा करावा

रेंजवर महिन्यातून एकदाच जायला मिळतं आणि हाताशी जेमतेम 50 गोळ्या असतात, तेव्हा त्या भराभर उडवून टार्गेटची चाळण करण्यात काही हशील नाही. ट्रिगर नीट दाबायची सवय गोळीविनाही लागते. गोळी खर्च करायची ती सवय तपासण्यासाठी.

म्हणून खरा सराव घरी, ड्राय फायरिंगचा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबण्याचा. मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा, बोटानेही चाचपा. गोळ्या दुसऱ्या खोलीत, समोर भक्कम भिंत. रोज 10 मिनिटं पुरतात. नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेम धरायच्या खुंटीवर ठेवून ट्रिगर इतका सावकाश दाबा, की ‘टक्’ झाल्यावरही साइट जागची हलू नये. पिस्तूल .22चं असेल तर चेंबरमध्ये डमी राउंड, म्हणजे न उडणारी नकली गोळी हवीच. नाहीतर बऱ्याच पिस्तुलांत फायरिंग पिन चेंबरच्या काठावर आपटून दोन्ही खराब होतात.

रेंजवर पहिल्या 5 गोळ्या 7 मीटरवरून, कोऱ्या टार्गेटवर, सावकाश. तो कागद तारीख घालून जपून ठेवा. हात बसल्यावरचा ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) कुणाचाही बरा येतो. आपली पातळी कळते ती या पाचांवरून.

पुढच्या 20 गोळ्या मात्र डमी मिसळूनच मारा. मॅगझिन दुसऱ्याला भरायला द्या: 5 गोळ्या, 2 डमी, क्रम तुम्हाला ठाऊक नको. डमी आली की धक्का नसतो, आणि तरीही नळीचं तोंड खाली झुकलेलं स्वच्छ दिसतं. धक्क्याच्या धास्तीने मनगट आधीच दाबलं जातं. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली-डावीकडे जातात त्या बहुतेकदा यामुळेच. अशा वेळी साइट फिरवत बसू नका, दोष साइटचा नाही. झुकलं की 5 वेळा ड्राय फायर, मग पुढची गोळी.

नुसती ‘टक्’ झाली म्हणून ती डमीच होती असं धरून चालू नका. नळी टार्गेटकडेच ठेवून 30 सेकंद थांबा, मगच स्लाइड ओढा. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबा: गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी मारली तर नळी फुटू शकते.

बाकीच्या गोळ्या पाच-पाचच्या ग्रुपने. प्रत्येक गोळी कुठे लागली असेल ते कागदाकडे बघायच्या आधी बोलून दाखवा. हात थरथरू लागले की उरलेल्या गोळ्या डब्यात परत.