आमची वाटचाल : चाचणी संपल्यानंतरचे काम

आमची छोटी संस्था इंग्रजीच्या भाषा-परीक्षांसाठी श्रवणसरावाचे साहित्य तयार करते. संवाद आणि व्याख्याने लिहिणे, ती ध्वनिमुद्रित करणे, त्यांवर प्रश्न काढणे आणि उत्तर नेमके कशामुळे चुकले हे उमेदवाराला समजेल अशी तपासणी करून देणे, एवढेच आमचे काम आहे. आम्ही सुरुवात केली तेव्हा वाचन, लेखन आणि संभाषण यांच्या तयारीसाठी पुस्तके व शिकवण्या भरपूर होत्या. श्रवणाच्या वाट्याला मात्र बहुधा एकामागून एक चाचण्या लावणे आणि गुण मोजणे एवढेच येई. आम्ही सगळे अध्यापनातून आलेलो असल्यामुळे चाचणीने मोजमाप होते, शिकणे होत नाही, याची जाणीव आम्हाला होती. त्यामुळे चाचणी संपल्यानंतर उमेदवाराने काय करायचे, यावरच व्यवसाय उभा करायचे ठरले.

पहिला निर्णय प्रत्येक परीक्षेचे साहित्य वेगळे ठेवण्याचा होता. परदेशी शिक्षण किंवा स्थलांतरासाठी दिल्या जाणाऱ्या, १९८९ साली सुरू झालेल्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत श्रवणाचे चार भाग आणि चाळीस प्रश्न असतात, ध्वनिमुद्रण सुमारे तीस मिनिटे चालते आणि ते एकदाच ऐकवले जाते. कागदावरच्या परीक्षेत उत्तरे उतरवून घ्यायला १० मिनिटे मिळतात, संगणकावर मात्र तपासण्यापुरती २ मिनिटे. केंब्रिजच्या बी२ फर्स्ट परीक्षेत ३० प्रश्न असतात आणि प्रत्येक उतारा दोनदा ऐकवला जातो. पीटीई अकॅडमिक या संगणकावरच्या इंग्रजी परीक्षेत तर ऐकलेले वाक्य जसेच्या तसे टंकित करण्याचाही प्रश्न असतो. दोनदा ऐकायला मिळणाऱ्या उमेदवाराने पहिल्या फेरीत आशय धरायचा आणि दुसऱ्या फेरीत उत्तर पक्के करायचे असते. एकदाच ऐकणाऱ्याला ध्वनिमुद्रण सुरू होण्याआधीच्या मोकळ्या क्षणांत प्रश्न वाचून, रिकाम्या जागी संख्या येणार की नाव, एकवचन येणार की अनेकवचन, याचा अंदाज बांधावा लागतो. ‘एकच संच सगळ्यांना चालेल’ असे विक्रीच्या सोयीसाठी म्हणता येते, पण तो सराव अर्धाच होतो.

प्रश्न काढण्याचे काम बाहेरून वाटते त्यापेक्षा बरेच किचकट आहे. संवादातील व्यक्ती आधी मंगळवार सुचवते, मग काही अडचण आठवून गुरुवारवर येते, आणि घाईने मंगळवार लिहिणारा उमेदवार गुण गमावतो. असा चकवा खऱ्या बोलण्यात येईल तितक्या सहजतेने लिहावा लागतो. प्रश्नातला शब्द ध्वनिमुद्रणात जसाच्या तसा येऊ द्यायचा नाही, हेही पथ्य आहे. प्रश्नात ‘खर्च कमी’ असेल तर बोलणारा ‘इतर पर्यायांइतके पैसे लागणार नाहीत’ असे म्हणतो. प्रत्येक संचाची आम्ही आधी ध्वनीशिवाय चाचणी घेतो, म्हणजे सहकाऱ्यांना केवळ प्रश्न देऊन उत्तरे ओळखायला सांगतो. ज्या प्रश्नाचे उत्तर असे ओळखता येते, तो सामान्यज्ञानाचा प्रश्न असतो आणि तो काढून टाकला जातो. संहिता न पाहिलेल्या दोन जाणत्या श्रोत्यांची उत्तरे जुळली नाहीत, तर तोही प्रश्न बाद होतो. या चाळणीत बरेच लेखन वाया जाते आणि आमच्या खर्चाचा मोठा वाटा तिथेच आहे.

मात्र आमचे खरे काम चुकलेल्या उत्तरापासून पुढे सुरू होते. उत्तर चुकण्याची कारणे एकसारखी नसतात. कधी ध्वनीच पकडता येत नाही. कधी शब्द ऐकू येतो पण अर्थ लागत नाही. कधी अर्थ लागलेला असतो, पण आधीचे उत्तर लिहिण्यात पुढचे वाक्य निसटते. कधी चकव्याला बळी पडायला होते. आणि कधी सगळे बरोबर ऐकूनही स्पेलिंग किंवा शब्दमर्यादा चुकते. ‘दोनपेक्षा जास्त शब्द नकोत’ अशी सूचना असताना तीन शब्द लिहिले, तर आशय बरोबर असूनही गुण मिळत नाही. आम्ही उमेदवाराला प्रत्येक चुकीपुढे कारण नोंदवायला लावतो. बहुतेकांची समजूत असते की आपला शब्दसंग्रह तोकडा आहे. नोंदी पाहिल्या की अनेकदा असे दिसते की शब्द ओळखीचाच होता, फक्त तो ओघात ओळखू आला नाही.

याचे कारण इंग्रजी बोलण्याच्या घडणीत आहे. आघात (जोर) असलेली अक्षरे ठळक उच्चारली जातात आणि मधली आखडून जातात. सुटा शब्द म्हणून ‘कॅन’ ऐकू येतो, वाक्यात तो ‘कन’ होतो. ‘नेक्स्ट डे’मधला ‘ट’ गळतो. अमेरिकी बोलण्यात ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ यांतला फरक शेवटच्या ‘ट’वरून नव्हे, तर आघातावरून ओळखावा लागतो. ज्यांच्या मातृभाषेत प्रत्येक अक्षराला साधारण सारखेच वजन मिळते, त्यांना हे आखडलेले भाग ऐकूच येत नाहीत. म्हणून चुकलेल्या प्रश्नाशी संबंधित काही सेकंदांचा तुकडा आम्ही वेगळा काढतो. उमेदवाराने तो संहिता न पाहता पुन्हापुन्हा ऐकायचा, ऐकू आले ते लिहायचे आणि मगच संहितेशी ताडून पाहायचे. पूर्ण चाचणीपेक्षा हे काम कंटाळवाणे असते, हे मान्य करायला हवे. पण त्याला दुसरा पर्याय आम्हाला सापडलेला नाही.

‘ध्वनिमुद्रण सावकाश वाचलेले द्या’ ही मागणी आजही येते. ती आम्ही मान्य करत नाही, कारण माणूस मुद्दाम सावकाश बोलू लागला की आखडलेले उच्चार पुन्हा पूर्ण होतात आणि जे शिकायचे तेच नाहीसे होते. त्याऐवजी मूळ ध्वनिमुद्रणाची गती यंत्राने थोडी कमी करण्याची सोय दिली आहे. त्यात गळालेला ध्वनी गळालेलाच राहतो.

सीडी, संकेतस्थळ आणि आता मोबाइल असा साहित्याचा प्रवास या क्षेत्रातल्या इतरांसारखाच झाला, त्यावर फार सांगण्यासारखे नाही. ग्राहकांशी झालेली ओढाताण अधिक महत्त्वाची आहे. शिकवणी वर्गांना संचांची संख्या मोठी हवी असते, कारण जाहिरातीत संख्या दिसते. एका वर्गाने परीक्षेतून आलेल्या उमेदवारांच्या आठवणीतले प्रश्न जुळवून द्या, असे सुचवले होते; आम्ही नकार दिला आणि ते ग्राहक गेले. अमुक बँडची, म्हणजे आयईएलटीएसमधल्या गुणपातळीची, हमी आम्ही कधीच दिली नाही. त्यामुळे वाढ सावकाश झाली, पण सोबत राहिलेले शिक्षक टिकून आहेत.

आवाजांच्या बाबतीत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे आणि उत्तर अमेरिकी उच्चार आम्ही पहिल्यापासून ठेवले, कारण आयईएलटीएसमध्ये ते सगळे कानावर पडू शकतात. यंत्रनिर्मित आवाज आता स्वस्तात मिळतात. दूरध्वनी क्रमांक, ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, एकेक अक्षर सांगितलेली नावे यांच्या सरावाला ते पुरेसे आहेत. मात्र तीन विद्यार्थी एकमेकांना तोडत, अडखळत, मत बदलत चर्चा करतात, तिथे आम्ही अजून माणसांनाच बोलावतो.

जानेवारी २०२६ पासून टोफेल या इंग्रजीच्या आणखी एका परीक्षेच्या श्रवण विभागाचे स्वरूप बदलले असून उमेदवाराच्या आधीच्या उत्तरांनुसार पुढचे प्रश्न सोपे किंवा अवघड येतात. त्यामुळे सरासरी काठिण्याचे जुने संच तसेच ठेवून चालणार नाही. सध्या आम्ही प्रत्येक ध्वनिमुद्रणाची गती, शब्दसंग्रह आणि चकव्यांची संख्या नव्याने नोंदवून त्यांची वर्गवारी करत आहोत, आणि ज्या पातळीवर साहित्य कमी पडते, म्हणजे प्रामुख्याने अवघड व्याख्यानांच्या बाजूला, तिथल्या संहितांचे लेखन सुरू केले आहे.